सतरा नंबरचा वास

१२

"काय मुलाणी, ओळखू येतंय का?"

देवकाते साहेब संशोधन केंद्राच्या फाटकात कमरेवर हात ठेवून उभे होते. मी नुकतीच एसटीतून उतरले होते. खांद्यावर बॅग, अंगावर पुण्यापासूनची धूळ. त्यांच्या मागं आमचा माळ होता आणि माळावर आमची चाचणी असायला हवी होती. तिथं बाग होती.

हिरवे गोल चेंडू. सगळे एका मापाचे. प्रत्येक चेंडूभोवती दगडांचं कडं, एक दगड गेरूनं रंगवलेला, एक चुन्यानं, पुन्हा एक गेरूनं. कड्याच्या आत भिजून काळी झालेली माती.

"ही आमची झुडपं आहेत?" मी विचारलं.

"मग काय माझी? आज समिती येतेय. तुम्ही दोघी पंधरा दिवस गायब. म्हटलं, मॅडमची इज्जत ती केंद्राची इज्जत. रोज टँकर लावला. हात फिरवून बघा, मांजरासारखी मऊ लागतात."

मी हात फिरवला नाही.

"आणि पाट्या, साहेब? प्रत्येक झुडपाला तारेनं नंबराची पत्र्याची पाटी बांधली होती."

"ती गंजकी होय? काढली. भंगाराच्या दुकानासारखं दिसत होतं. घाबरू नका, एकही हरवलेली नाही. सगळ्या पोत्यात आहेत."

पोतं त्यांनी खरंच सुतळीनं नीट शिवून ठेवलं होतं. देवकाते साहेब आमचे प्रक्षेत्र अधीक्षक. व्यवस्थित माणूस.

१३

झुडूप म्हणजे रोझमेरी. भूमध्य समुद्राच्या काठाला, खडकाळ उतारावर, जिथं उन्हाळाभर पावसाचा थेंब नाही, तिथं ती उगवते. माणदेशातल्या आमच्या माळाकडं बघून केंद्रातल्या शास्त्रज्ञ परचुरे मॅडमना वाटलं, हिला इथं परकं वाटणार नाही. त्यांनी मिश्र बियांपासून झुडपं वाढवली. बियांपासून आलेली, म्हणून सगळी भावंडं. दिसायला एकसारखी, आतून प्रत्येकाचं तेल निराळं. त्यातलं प्रत्येक झुडूप जगात एकच.

तहान लागली की झुडूप पानं आत वळवून घेतं, वाढ थांबवतं आणि तेल घट्ट करतं. बहुतेकांचं तेल तहानेनं बिघडायचं, कापराकडं झुकायचं; मग त्याला अत्तरवाला विचारत नाही. एखादंच असं निघतं, की तहानेतही जगतं आणि वासही सोडत नाही. ते एखादं शोधायचं, एवढंच आमचं काम. ते सापडलं, की त्याच्या कलमांनी अख्खा माळ लावायचा.

नियम दोन. पाणी द्यायचं नाही. आणि निवड होईपर्यंत काडी तोडायची नाही. वास घ्यायला एखादं पान आणि वर्षातून एकदा पुण्याच्या तेल तपासणाऱ्या यंत्रासाठी मूठभर पाला, तेवढीच सूट.

वासाचं काम रोज सकाळचं. मॅडम पान चुरडायच्या आणि माझ्या नाकाखाली धरायच्या.

"कसला वास?"

"सिनिऑल जास्त वाटतंय, मॅडम."

"पुस्तकातलं नको. कसला वास येतोय?"

"व्हिक्स."

"हं. पुढचं."

"सलून. आमच्या गावातलं. दाढी झाल्यावर तुरटी फिरवतात तेव्हाचं."

"हं. हे?"

"परीक्षेचा हॉल."

"म्हणजे?"

"घामेजलेला रुमाल आणि नुकतीच टोकदार केलेली पेन्सिल."

"हं."

सतराव्या झुडपाशी आलो, की मी म्हणायचे, "संदूक."

"कालही संदूकच म्हणालीस."

"कालही संदूकच होती, मॅडम."

परचुरे मॅडमचं नाक म्हणजे मशीन, असं आमच्या केंद्रात शिपायापासून सगळे सांगायचे. मी घरी फोनवर सांगायचे, की बाई रोज माझी तोंडी परीक्षा घेतात.

"पास होतेस का?" आई विचारायची.

"कळत नाही गं. नुसतं हं म्हणतात."

त्या दिवशी पुण्याच्या यंत्राचा निकाल मी घेऊन आले होते. लागोपाठचे उन्हाळे, पाण्याचा थेंब नाही, आणि एका झुडपाचं तेल जिथल्या तिथं. सतरा नंबर. संपूर्ण प्रवासात मी हे मॅडमना कसं सांगायचं, याची तालीम करत होते.

१४

मॅडम मिरजेहून आल्या. बहिणीचं ऑपरेशन होतं म्हणून गेल्या होत्या. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या, आणि समिती नेमकं तेच ठरवायला येत होती: त्यांच्यामागं हे काम चालू ठेवायचं, की झुडपं उपटून माळ मोकळा करायचा.

रिक्षातून उतरून त्या बराच वेळ गेरूच्या दगडांकडं बघत राहिल्या. मॅडम ओरडत नसत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"देवकाते, पाणी किती दिलं?"

"भरपूर. हात आखडता घेतला नाही, मॅडम."

"आणि छाटणी?"

"आधी छाटणी, मग पाणी. पद्धतशीर."

"सगळी जगली?"

"एक सोडून. एक पठ्ठ्या आठवड्याभरात पिवळा पडला, मग मान टाकली. पाणी मानवलं नाही त्याला. बाकी सगळी झकास. त्याच्या जागी क्रोटनची कुंडी ठेवलीय. लांबून कळतसुद्धा नाही."

मॅडम रांगेतून चालू लागल्या. मी मागून. पाट्या नव्हत्या तरी जागा पाठ होत्या. पंधरा. सोळा. लाल-पिवळ्या पानांची कुंडी. अठरा.

"मॅडम, पुण्याचा निकाल..."

"सांगू नकोस."

कुंडीतल्या क्रोटनच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं.

"सतरा?" त्यांनी विचारलं.

"सतरा."

तहानेनं जे गेलं नाही, ते आदरातिथ्यानं गेलं होतं.

"ते झाड कुठं टाकलं, देवकाते?"

"तातोबानं चहाच्या चुलीत घातलं. काय वास सुटला म्हणता! सगळ्यांनी दोन-दोन कप घेतला."

१५

तातोबा आमचा माळी. तो पंपाच्या खोलीपाशी कानाला लावलेली बिडी काढत होता. मॅडमना बघून परत लावली.

"तातोबा, छाटलेलं सगळं कुठं टाकलंस?"

"खड्ड्यात, बाई. वर पंधरा दिसाचं शेण पडलंय."

"सगळं?"

"समदं. चांगल्या काड्या तेवढ्या ठिवल्या."

मॅडम थांबल्या. "कशाला?"

"गुच्छाला. सायेब म्हनलं, बाजारचा गुच्छ कशाला, घरचा करू, वासाचा. मग काड्या वल्या वाळूत खोचल्या, हितं मागं जाळीखाली. रोज पानी मारलं. पानं वाईच गळली, पर काडी एक बी सुकली न्हाई."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. ओली वाळू, सावली, रोज पाण्याचा हबका. रोझमेरीचं कलम असंच करतात. तातोबानं सत्काराची तयारी म्हणून आमची रोपवाटिका करून ठेवली होती.

आम्ही जाळीखाली वाकलो. वाळू होती. वाळूत भोकं होती.

"सकाळीच बांधलं की गुच्छ," तातोबा म्हणाला. "पाच. मधी झेंडू, भायेरनं चमकी कागद."

"सतरा नंबरची काडी कुठल्या गुच्छात आहे?"

"आता काडीला का नाव असतंय, बाई? सगळ्या झाडांच्या एका ढिगात होत्या. बऱ्या दिसल्या त्या घेतल्या."

फाटकाशी गाड्यांचे हॉर्न वाजले. देवकाते साहेब धावताना दिसले.

"मुलाणी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "गुच्छ द्यायला तू उभी राहा. वास घे. संदूक शोध."

"मी? मॅडम, तुम्हीच घ्या ना. माझं चुकलं तर? तुमचं नाक..."

"मी स्टेजवर असणार. स्टेजवर बसून दुसऱ्याचे गुच्छ हुंगता येत नाहीत."

हे पटण्यासारखं होतं.

१६

कुठल्याही कार्यक्रमात तबक धरायला केंद्रातली सगळ्यात लहान बाई लागते. ती मीच होते, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. तबकात पाच गुच्छ. देवकाते साहेबांच्या हातात माईक.

"ज्यांच्या पदस्पर्शानं आज ही खडकाळ भूमी पावन झाली, त्या समितीच्या आदरणीय अध्यक्षांचं स्वागत..."

मी नाक खाली नेईपर्यंत पहिला गुच्छ उचललासुद्धा गेला. अध्यक्षांनी तो हसून घेतला, फोटोपुरता धरला आणि न बघता खांद्यावरून मागं दिला. मागच्या कारकुनानं शिपायाला, शिपायानं दाराशी उभ्या ड्रायव्हरला. कढईचा चटका बसावा तसा तो गुच्छ हातोहात बाहेर गेला.

मग मी तबक छातीपाशी धरलं आणि मान घातली. दुसरा गुच्छ: व्हिक्स, व्हिक्स, मध्येच सलून. तिसऱ्याचं नाव पुकारलं जात होतं तोवर तिसरा: डांबरगोळ्या आणि झेंडू.

"ताईंना सर्दी झालीय का?" एका सदस्यांनी विचारलं.

"भावूक झाल्यात, साहेब," देवकाते माईकवरूनच म्हणाले.

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मी चौथा आणि पाचवा हुंगला. परीक्षेचे हॉल, निलगिरी, पुन्हा व्हिक्स. संदूक असती तर मला डांबरगोळ्यांतूनही कळली असती. नव्हती.

मी स्टेजकडं बघितलं. मॅडम भुवया उंचावून बसल्या होत्या. मी तबकाआड एक बोट वर केलं. पहिला.

१७

इथं क्रोटनची कुंडी आहे.

१८

"अद्भुत!" अध्यक्ष रांगेतून फिरताना म्हणाले. "बाहेर माळ पेटलाय आणि इथं बघा. आणि पाणी अजिबात देत नाही?"

"तसा आमचा नियम आहे," मॅडम म्हणाल्या.

अध्यक्षांनी बूट उचलला. बुटाला चिखल होता. "मग हे?"

"दव पडतं, साहेब," देवकाते म्हणाले.

ऊन टाळू भाजत होतं. अध्यक्षांनी दवाबद्दल पुढं काही विचारलं नाही. बहुधा दुष्काळी भागात दव पडतं ही त्यांना आनंदाची बातमी वाटली.

मला गाडीकडं पळायचं होतं, पण अध्यक्षांनी एक पान खुडलं आणि मॅडमपुढं धरलं. "तुमच्या नाकाबद्दल फार ऐकलंय. सांगा बरं, यात काय आहे?"

मॅडमनी पान घेतलं. चुरडलं. डोळे मिटून स्वतःच्या नाकाशी नेलं. मग तो हात माझ्याकडं आणला.

"मुलाणी, साहेबांना सांग. कसला वास?"

एवढ्या लोकांत, आजच्या दिवशी, परीक्षा. मला रागच आला.

"परीक्षेचा हॉल," मी म्हणाले.

समिती हसली. मॅडम हसल्या नाहीत. "म्हणजे कापूर आणि सिनिऑल जवळजवळ बरोबरीनं, त्यावर थोडं पायनिन. मध्यम प्रतीचं."

"वा!" अध्यक्षांनी टाळी दिल्यासारखा हात केला. "आणि यातलं तुम्ही निवडलेलं कुठलं? शेवटी आम्हाला तेच बघायचंय. त्यावरच सगळं आहे."

"ते जरा बाहेर गेलंय, साहेब."

"बाहेर?"

"कलमासाठी."

"अच्छा. जेवणानंतर दाखवा."

१९

गाडी लिंबाखाली होती, पण सावली केव्हाच पुढं सरकली होती. काचा बंद. ड्रायव्हर बाहेर उभा राहून काच पुसत होता.

"दादा, साहेबांचा गुच्छ कुठाय?"

"सुटा केला. का ओ ताई? साहेबांचे गुच्छ माझेच असतात. कागद पोरीला, झेंडू देवाला. काड्या एसीच्या जाळीत खोचल्या. बघा आत बसून, गाडी कशी घमघमतेय."

मी आत शिरले. आतमध्ये डिझेल, तापलेलं रेक्झिन, अगरबत्ती आणि माळावरच्या भावंडांचा कुटुंबमेळा. मी जाळीतून एकेक काडी उपसली, डोळे मिटले, पान चुरडलं. व्हिक्स. व्हिक्स. सलून. निलगिरी, इतकी जळजळीत की म्हैस शिंकावी. डांबरगोळ्या.

मग संदूक.

मी ती पुन्हा हुंगली. मग शोधून तिच्या जोडीची दुसरी काढली. पानं मलूल झाली होती, पण काड्या हिरव्या होत्या. एका हातात या दोन, दुसऱ्यात बाकीचा भारा, अशी मी गाडीतून मागं मागं सरकत बाहेर आले. मॅडम जेवण टाकून येत होत्या. मी त्यांना तसं भराभर चालताना कधी बघितलं नव्हतं.

"सापडली, मॅडम! हीच ना? तुम्ही एकदा खात्री करा." मी हात त्यांच्या नाकाखाली धरला.

मॅडमनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"हो," त्या म्हणाल्या. "संदूक. शंकाच नाही."

मी माझ्या हाताकडं बघितलं. घाईत डावा हात पुढं केला होता. डाव्यात बाकीचा भारा होता आणि सगळ्यात वर ती म्हैस शिंकवणारी निलगिरी. संदूक उजव्यात होती.

"मॅडम, ही ती नव्हे."

ड्रायव्हरचा फडका काचेवर थांबला.

मॅडमनी चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा घातला.

"सर्दी झालीय," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून."

माझ्या डोक्यात रोजची सकाळ चालू होती. कसला वास? पुस्तकातलं नको, कसला वास येतोय? कालही संदूकच म्हणालीस. इतके दिवस मी उत्तरं देत होते, आणि त्या परीक्षा घेत नव्हत्या. विचारत होत्या.

"एकदा ताप आला होता," मॅडम म्हणाल्या. "ताप गेला. जाताना हे घेऊन गेला. झुडपं नुकतीच लावली होती. कुणाला सांगायचं?"

"वाफ घ्या, बाई," ड्रायव्हर म्हणाला. "ओवा घालून. आमच्या मंडळींना गुण आला."

"घेते," मॅडम म्हणाल्या, आणि माझा उजवा हात मनगटाला धरून वर उचलला. "ही?"

"ही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी आपला रुमाल पाण्याच्या बाटलीत बुडवला, दोन्ही काड्या त्यात गुंडाळल्या आणि मुठीत धरल्या. मला वाटलं होतं त्या पुन्हा एकदा वास घेऊन बघतील. घेतला नाही.

२०

"तर निवडलेलं झुडूप?" जेवणानंतर सुपारी चघळत अध्यक्षांनी विचारलं.

मॅडमनी मूठ उघडून रुमाल सोडला. दोन काड्या.

"एवढंच?"

"एवढंच, साहेब. बाकीचं पुढं होईल."

अध्यक्षांनी काड्यांकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं, मग माळावरच्या हिरव्या चेंडूंकडं. त्यांची नजर तिथं रमली.

समारोपाच्या भाषणात ते म्हणाले, की इतकं टापटीप आणि हिरवंगार केंद्र दुष्काळी पट्ट्यात त्यांनी पहिल्यांदा बघितलं. काम थांबवण्याचा प्रश्नच येत नाही. देवकाते साहेबांना शाल देण्यात आली. समितीसाठी आणलेल्या शालींतली एक उरली होती.

निघताना अध्यक्ष गाडीपाशी थांबले. "पण मॅडम, तुम्ही निवृत्त झाल्यावर असं नाक आम्ही आणायचं कुठून?"

"आहे की इथंच," मॅडम म्हणाल्या. "मघाशी गुच्छ वाटत होतं."

अध्यक्ष हसले. त्यांना तो विनोद वाटला. गाडीची दारं लागली. ड्रायव्हरनं जाता जाता मॅडमना दोन बोटं नाकाशी नेऊन खूण केली. ओवा.

१७

त्या दोन काड्यांतली एक पुढं कुजली. दुसरी लागली. आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. केंद्रासमोरच्या सगळ्या माळावर जे काही उभं आहे, ते त्या एका काडीचं गोत. पण त्या दुपारी यातलं काहीच माहीत नव्हतं. गाड्यांची धूळ खाली बसली आणि आम्ही दोघी पंपाच्या खोलीमागं जाळीखाली उकिडव्या बसलो. तातोबाच्या वाळूत मॅडमनी बोटानं दोन भोकं केली. खालची पानं ओरबाडली. काड्या उभ्या केल्या.

"मुलाणी, एक विचारू?"

"विचारा ना."

"संदूक म्हणजे नक्की काय? तू म्हणत गेलीस, मी धरून चालले. कसली संदूक?"

"माझ्या नानांची. लाकडी, पितळी कोपऱ्यांची. नाना हजहून आले तेव्हा स्वतःचं कफन घेऊन आले होते. तिथून येताना बरेच जण आणतात. झमझमच्या पाण्यात भिजवून, वाळवून. आणलं आणि संदुकीत ठेवलं. मग वर्षानुवर्षं ते तिथंच. सोबत कापराच्या वड्या, अत्तराचा फाया. आम्ही पोरं नाना नमाजाला गेले की चोरून झाकण उघडायचो."

"भीती नाही वाटायची?"

"छान वास यायचा, मॅडम."

"मग पुढं?"

"पुढं वापरलं. संदूक रिकामी झाली. नानी त्यात आता गोधड्या ठेवते. वास आहे तसाच आहे."

मॅडम काडीभोवतीची वाळू अंगठ्यानं दाबत होत्या. ओठ हलत होते. कापूर, पण हलका. खाली लाकूड. आणि मागून येणारं काहीतरी गोड, वाळलेलं.

"बोर्निल अ‍ॅसिटेट," त्या शेवटी म्हणाल्या.

"असेल."

"आणि थोडं व्हर्बेनोन."

"हं," मी म्हणाले.